काढून टाकणाऱ्या टूलचं कौतुक

तीर्थस्वरूप आत्येस,

तुझ्या लाडक्या (की एके काळच्या लाडक्या, ते तूच ठरव) भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला गेला, हट्ट तेवढा आहे. पंखा एकवर ठेवायचा की तीनवर, यावरून तुम्हा बहीणभावांचं वाजलं आणि तू पिशवी उचलून गेलीस, तेव्हापासून पंखा दोनवर आहे. बाबा म्हणतात हा समेट नाही, रेग्युलेटर अडकलाय.

पत्रास कारण माझी नोकरी. मी दिवसभर खिडकीबाहेर बघत बसतो त्याचा पगार कोण देतं, असं तू मागे विचारलं होतंस. तर आमच्याकडे एक एजंट आहे. एजंट म्हणजे संगणकातला बिनचेहऱ्याचा कारकून. लोकांच्या फायली, फोटो, आवाज असं सगळं दूर कुठेतरी मोठमोठ्या यंत्रांवर साठवलेलं असतं, त्याला क्लाउड म्हणतात, आणि तिथली आवराआवर हा करतो. त्याच्या हाताशी टूलं असतात: एक फाईल शोधतं, एक हलवतं, एक प्रत काढतं, एक काढून टाकतं. बिचाऱ्याला प्रत्यक्ष टूल काही दिसत नाही. त्यावर लिहिलेल्या चार ओळी वाचून तो कुठलं उचलायचं ते ठरवतो, आणि त्या चार ओळी लिहिणारा मी. टूल काय करतं, कधी वापरावं आणि (हे सांगताना आमच्या मॅनेजरबाई बोट नाचवतात) कधी वापरू नये.

आता माझा स्वभाव तुला ठाऊक. मला दूध आणायला पाठवलं की मी आकाश बघून परत येतो. त्या दुपारी पिवळं ऊन टेबलावर सांडलं होतं, समोरच्या गच्चीवर कुणाची तरी पांढरी चादर वाऱ्याने फुगत होती, सावकाश खाली बसत होती, आणि माझ्यापुढे नेमकं काढून टाकण्याचं टूल होतं. तंद्री लागली. वाटलं, नकोसं झालेलं सगळं असं अलगद निघून जाणं किती सुंदर असेल! मी लिहिलं, ‘मन आणि जागा मोकळी करणारं टूल. पसारा असो, गोंधळ असो, काही सापडत नसो, हे हाती घ्यावं, सगळं हलकं होतं.’ लिहून माझेच डोळे भरून आले. एवढं ओतल्यावर बाकीच्यांसाठी काय उरणार? शोधणाऱ्या टूलवर लिहिलं, ‘शोधतं.’ हलवणाऱ्यावर, ‘हलवतं.’ प्रत काढणाऱ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही, बहुधा चहा आला होता.

आमच्याकडे शिरस्ता असा, की लिहिणाऱ्याने आपलं वर्णन आधी स्वतःच्या घरच्या फायलींवर चालवून बघायचं. (स्वतःचं पोळलं की भाषा सुधारते, असं मॅनेजरबाईंचं मत.) तू इथे असताना आमच्या चिमणीला दुपारी निजवायला गोष्टी सांगायचीस ना, त्या मी दाराआड उभा राहून फोनवर भरून घेतल्या होत्या. तू गेल्यापासून लेक त्याच ऐकत झोपते. मी एजंटला म्हटलं, त्या गोष्टी सापडत नाहीत, बघ जरा. ‘काही सापडत नसो’ हे माझ्या हातचं वाक्य त्याला एकाच टूलवर मिळालं. त्याने ते उचललं, आणि अदबीने कळवलं की आता सगळं हलकं झालं आहे.

गोष्टी गेल्या, तेव्हापासून दुपारी चिमणी गादीवर ताठ बसून असते. विहिरीत राहणाऱ्या उंटाची गोष्ट मी सांगून पाहिली. उंट विहिरीत उतरेपर्यंत मीच घोरायला लागलो. मग बाबा सरसावले. त्यांचा उंट विहिरीच्या अस्वच्छतेबद्दल लेखी तक्रार करतो. चिमणी म्हणाली, “आत्याआजीचा उंट असा नाही बोलत.” बाबा उठले. बाहेर येऊन दार ओढून घेताना म्हणाले, “तिचा आवाज असायचा घरात. बरं वाटायचं.” मलाही फार चुकल्यासारखं होतं गं आत्या.

मॅनेजरबाई रागावल्या नाहीत. शेजारी बसून नवं लिहून घेतलं: ‘फाईल काढून टाकतं. मालकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय वापरू नये. शोधण्यासाठी मुळीच नाही.’ इतकं रुक्ष मी जन्मात लिहिलं नव्हतं, पण एजंट आता शहाण्यासारखा वागतो.

बाकी सगळं क्षेम. थोरांस नमस्कार, लहान तिथे कुणी असेल तर पापा, आणि तुझा राग अजून तिथेच असेल तर त्यालाही माझा नमस्कार सांग.

तुझा
तंद्रीखोर भाचा

ता. क. गोष्टी पुन्हा फोनवर सांगून पाठवतेस का? निदान उंटाची तरी.

ता. क. दुसरा. नको, पाठवू नकोस. फोनवरच्या आवाजाला चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवता येत नाही. तूच ये. बाबा स्वतः बोलावणार नाहीत, पण तुझी खोली त्यांनी झाडून ठेवलीय.

ता. क. तिसरा. आता खरं ते सांगतो. मॅनेजरबाईंनी सगळ्या गोष्टी कालच परत मिळवून दिल्या, एकही गेलेली नाही. चिमणीला आणि बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. तूही इतक्यात सांगू नकोस. आधी ये.