एनोराची तिरकी फिल्म

४ ऑक्टोबर १९६२
फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या या बंदरात आज रुजू झाले. दवाखान्याच्या खिडकीतून सार्डिन मासळीच्या होड्या दिसतात. परिचारिका सोआझिगने लोण्याने थबथबलेला केक पुढे केला. म्हणाली, खा बाई, इथली हाडं लोण्यावरच चालतात. काम माझ्या आवडीचं, चार महिन्यांच्या बाळांच्या खुब्यांचे एक्स-रे. खुब्याची उखळी खोल असली की मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात बसतो. उथळ असली तर निसटतो, पोर जन्मभर लंगडतं. वेळीच कळलं तर पट्टे बांधून बरं होतं. इथे घरोघरी लंगडतात, त्याचं कुणाला काही नाही. सरळ चालणारी सून आली की विचारतात म्हणे, ही परकी कुठून उचलून आणलीस?

९ ऑक्टोबर
आज एनोरा, चार महिन्यांची. तिची आजी कोरांतीन, डोक्यावर लेसची उंच टोपी, लंगड्या चालीने डुलत डुलत तिला घेऊन आली. बाळ फार रडलं, कंबर वळली, फिल्म तिरकी आली. तिरक्या फिल्मवर उथळ उखळीही खोल दिसते. पुन्हा काढायला हवी होती. ते रडणं मला ऐकवेना. ‘ठीक’ असं लिहून टाकलं.

१५ ऑक्टोबर
आजच्या बाळाच्या फिल्मवर डाव्या खुब्याशी एक हात. नुसती हाडं, तीन बोटं. बाळाला धरणाऱ्या आईचे हात तर किरण अडवणाऱ्या शिशाच्या मोज्यांत होते. सोआझिगला दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या आधी या जागी लेनाबाई होत्या. तीस वर्षं उघड्या हातांनी पोरं धरली. किरणांनी दोन बोटं खाल्ली, मग त्यांनाच. तिरकी फिल्म दिसली की डॉक्टरांनाही सोडायच्या नाहीत.

१८ ऑक्टोबर
तीन बाळं. तिन्हींवर तो हात. मी सरळ निजवते, फिल्मवर कंबर वळलेली. एनोराची वळली होती, अगदी तशीच.

१९ ऑक्टोबर
कोरांतीनच्या घरी गेले. बाळाला पुन्हा आणा म्हटलं. ती हसली, आमच्यात सगळ्याच डुलतात, हिलाच कशाला सरळ करतेस? तुझं चुकलं असेल तर तसं बोल की. चुकलं, म्हणाले. तिने टोपी सारखी केली आणि उद्या येते म्हणाली.

२० ऑक्टोबर
एनोरा रडलीच नाही. आई मोजे घालत होती, त्याआधीच ती स्थिर — कुणीतरी धरल्यासारखी. फिल्म सरळ. डावी उखळी बशीसारखी उथळ. लगेच पट्टे बांधले. चालेल ती.
पण फिल्मवर हात दोन. एक तीन बोटांचा. दुसऱ्यात माझी अंगठी. मी तर शिशाच्या पडद्यामागे होते —

२१ ऑक्टोबर
करंगळी बधिर. शेजारचं बोटही.

२२ ऑक्टोबर
फिल्म सगळ्या स्वच्छ. तो तीन बोटांचा हात तिथे नाही.
इथे आहे. माझ्या हातात. सैल होत नाही — उद्या नऊ बाळं आहेत, म्हणतात लेनाबाई — मोजे नकोत, उघड्याच हातांनी —