अण्णांनी लावलेली धार

नाशिक, नोव्हेंबर १९८३. गुरुवार, संध्याकाळ.

दिलीप उद्या लेहला पलटणीत परत जाणार आणि माझा राग अजून उतरत नाही.

त्याच्या आइस हॉकीच्या स्केट्सचे होल्डर, म्हणजे बुटाखाली पातं धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे भाग, तडकले होते. अण्णांनी अंबडला मित्राच्या वर्कशॉपमध्ये बसून अ‍ॅल्युमिनियमचे नवे केले. उत्तम केले, मान्य. पण कुणाला न विचारता पात्यांना धारही लावली. पात्याच्या मधोमध बारीक खोबण असते आणि तिच्या दोन कडा बर्फ पकडतात. अण्णांनी खोबणच घासून टाकली. आता विळीसारखी एकच धार.

"बघ, सुपारी कातरेल."

दिलीपने धारेवरून अंगठा फिरवला. "मस्त झालंय, अण्णा."

मस्त? त्याला ओट्यावर गाठून विचारलं, "यावर उभा तरी राहशील का?"

"छे. पहिल्याच वळणाला आडवा."

"मग सांग त्यांना."

"तूच सांग, ताई. रोज वर्गात बोलतेस की."

आणि वर हसला. यंदा कुठे संघात घेतलंय, दुसरी जोडी मिळणार नाही, आणि हसतो. तो धारेवरचा अंगठा डोळ्यांपुढून हलत नाही. या घरात अण्णांना 'चुकलं' म्हणायचं नाही. हाडं मोडली तरी चालतील.

सांगायचंच, म्हणून आत गेले. अण्णा खाली बसून जुन्या पंच्याच्या पट्ट्या पात्यांना गुंडाळत होते. दिलीपचा हात कापू नये म्हणून.

"जरा धर गं," म्हणाले.

मी गाठीवर बोट धरलं.