पेडलवरचा पाय

१० नोव्हेंबर
आलो एकदाचा घाटंजीकडे. वर्ध्याच्या गॅरेजात शिव्या खाण्यापेक्षा इथली ड्रायव्हरकी बरी. मालक प्रेमसिंग राठोड, त्यांची जुनी जीप. सकाळी तांड्यावरच्या बायकांना कापूस वेचायला शेतात न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. वाटेत एक उतार आणि खाली नाला, एवढीच काय ती अडचण. राहायला खोली, दोन्ही वेळचं जेवण. म्हणजे चैनच. आधीचा ड्रायव्हर फुलसिंग काम सोडून गेला म्हणे. त्याची बायको चंदाबाई वेचणीला येते, पण त्याचं नाव काढलं की तोंड फिरवते. बायका जीपमध्ये पाय वर घेऊन बसतात, खाली टेकवत नाहीत. मी विचारलं, उंदीर आहेत का गाडीत? कोणी हसलं नाही.

१२ नोव्हेंबर
ब्रेक मऊ लागतो. पाय ठेवला की पेडल तळाला जातं, दोन-तीनदा पंप मारल्यावर कुठे वर येतं. हे काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. एक तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असते, नाहीतर कुठून तरी ऑइल गळत असतं, नाहीतर लायनर घासलेले असतात. चाकं खोलली. लायनर चांगले निघाले, पण सिलिंडरची रबरं फुगलेली आणि ऑइल काळंकुट्ट. कोणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल ओतलं होतं. मालक म्हणाले, ऑइल ते ऑइल, त्यात काय एवढं. असल्या माणसापुढे डोकं फोडून उपयोग नाही. रबरं बदलली, लाइन धुतली, नवीन ऑइल भरलं.

१३ नोव्हेंबर
आज लाइनमधली हवा काढायची होती. त्याला माणसं दोन लागतात. एक सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा गाडीखाली चाकाजवळचं हवा सोडायचं निपल उघडतो. खालच्याने हुकूम द्यायचे: दाब, धर, सोड. ‘सोड’ ऐकल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नाही. मी मालकांना सीटवर बसा म्हटलं, तर ते घामाघूम झाले आणि काम आहे सांगून निघून गेले. शेवटी चंदाबाई बसली. ती हे काम नवऱ्यासोबत करायची, त्यामुळे तिला शिकवावं लागलं नाही. पेडल दगडासारखं टणक झालं. आपली कारागिरी!

१५ नोव्हेंबर
उतारावर बायका गाडीत होत्या. मी ब्रेक दाबला, गाडी मस्त हळू झाली. तेवढ्यात सीटच्या खालून एक पुरुष बोलला: सोड. आणि माझा पाय उचलला गेला. मी उचलला नाही. गाडी सुटली. हँडब्रेक खेचला, केबल तुटली, पण नाल्याच्या काठावर थांबलो. बायकांची रडारड. मला कुणाच्या तोंडाकडे पाहवेना.

१६ नोव्हेंबर
सगळं पुन्हा खोललं. गळती नाही, हवा नाही. भर दुपारी बंद गाडीत बसलो. खालून आलं, दाब. पाय गेला. धर. पाय उचलेना. किती वेळ — ठाऊक नाही. वाकून पाहिलं तर खाली कोणी नाही. मला भीती वाटते आहे.

१७ नोव्हेंबर
चंदाबाईने सांगितलं. फुलसिंग कुठे गेला नाही. याच उतारावर हवा काढायला गाडीखाली शिरला, सीटवर मालक. चाकांना दगड लावले नव्हते. मालकाचा फोन वाजला, त्याने पाय उचलला आणि उतरला. गाडी फुलसिंगच्या अंगावरून गेली. ती म्हणाली, “त्यानं सोड म्हटलंच नोतं.” तांडा गप्प राहिला, कारण शेतात नेणारी गाडी ही एकच.
मालकाला म्हटलं, मी बायकांना नेणार नाही. तो म्हणाला, तू नाही तर हायवेवरचा कोणीही आणीन. त्या नव्या माणसाला या गाडीचं काय माहीत असणार? मला निदान माहीत आहे. सकाळी मीच नेणार. उतार लागला की पाय ब्रेकच्या पेडलला दोरीने बांधीन.

१८ नोव्हेंबर
उतारावर आहे. खालून ‘धर’ आलं. धरलंय. गाडी उभी. इंजिन बंद, हँडब्रेकची केबल तुटलेलीच, गिअर पडत नाही — पायाची दोरी कधीच सुटली. हात मोकळे आहेत, म्हणून लिहितोय, नाहीतर किंचाळेन.

बायका उतरल्या. सगळ्या. दगड आणायला शेतात गेल्या. मी सांगितलं, गाडीसमोर कोणी येऊ नका —

चंदाबाई गेली नाही. ते ‘धर’ तिनेही ऐकलं. म्हणते, “माह्याच माणसाचा आवाज हाय हा.” वाकून पाहून राहिली. नको म्हणतोय. ऐकत नाही —

आडवी झाली. खाली गेली. चाकापुढे तिचा पदर —

खाली दोघं बोलताहेत. ती हसली.

एका हाताने गुडघा दाबून धरलाय. सगळा जोर — बाई, बाहेर ये — निघ —

आता तो एकटाच बोलतोय. सो