बाईंनी खोडलेलं ध्येय

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोर्टाने लावलेल्या वर्गाला सहा आठवडे झाले. बायकोवर हात उचललेले आम्ही नऊ जण, खुर्च्या गोल मांडून बसतो. वर्गाच्या बाईंनी प्रत्येकाला ध्येय लिहायला लावलं. मी लिहिलं, बायकोला घरी आणेन. बाईंनी खोडलं. म्हणाल्या, येणं-न येणं तिच्या हातात. तुम्ही काय करणार ते लिहा. रागावणार नाही असं लिहिलं, तर मोजणार कसं म्हणाल्या. हस तू! शाळेतही एवढी खाडाखोड केली नव्हती. शेवटी ठरलं: डोकं तापलं की तिथून निघायचं, आणि या आठवड्यात घरच्या एकाला खरं सांगायचं. तर ऐक. ती जिन्यावरून पडली नव्हती. मी ढकललं होतं.

ती कुठे असते, तेवढं कळव.

तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. मनात शंका असूनही वर्षभर मी लोकांना जिनाच सांगत आले, तुला पाठीशी घालत. आता नाही. पत्ता मिळणार नाही. तुझ्या दाजींना लाडीगोडी लावू नकोस, त्यांना ठाऊकच नाही. वेळेवर जेव.

ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मालकाने एका दवाखान्यात कपाटाची दारं बसवायला धाडलं. औषधांच्या खिडकीमागे ती! आईशपथ, मला माहीत नव्हतं. मला बघून तिच्या हातातला ट्रे पडला. खरं सांगू? आधी रागच आला, ही मला घाबरते म्हणून. पाय तिच्याकडे वळलेही होते. मग हत्यारांची पेटी तिथेच टाकून बाहेर पडलो. मालकाने कामावरून काढलं. बाईंना सगळं सांगितलं. त्या कोर्टाला कळवणार आहेत. पण ताई, मी निघालो! एक शब्द बोललो नाही, हे तिला सांगशील?

धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

निघालास, चांगलं केलंस. शाबासकी माझ्याकडून घे, तिच्याकडे मागू नकोस. तू गेल्यावरही ती आतून कडी लावून संध्याकाळपर्यंत बसून होती. दोन दिवस कामावर गेली नाही. आता तिने दुसऱ्या गावी बदली मागितली आहे. हे तुला कळवायला तिनेच सांगितलं, आणि माझ्यामार्फत पुन्हा निरोप धाडू नकोस, असंही.

बुधवारचा वर्ग चुकवू नकोस. माया आटलेली नाही, पण यापुढे मी ती डोळे उघडे ठेवून करणार आहे.

तुझी ताई