अळंबीचा खुराक आणि श्यामकांतचं थोबाड

रविवार, ८ जुलै १९५६, सकाळ
आज श्यामकांत चुरीने माझ्या थोबाडीत मारली. नोंद अचूक असावी म्हणून लिहितो, 'मारली' हा शब्द तितकासा बरोबर नाही. मी मान वळवली आणि त्याचा हात नेमका वाटेत होता.

कारण त्याचा व्यायामाचा मुद्गल. श्यामकांत आमच्या शेजारच्या खोलीत राहतो, विक्रोळीच्या कारखान्यात कामाला जातो, आणि रोज सकाळी गॅलरीत मुद्गल फिरवून झाला की धाडकन खाली ठेवतो. आमच्या भिंतीचा चुना माझ्या चहात पडतो. मी बाहेर जाऊन अत्यंत डिग्निफाइड भाषेत म्हणालो, की ही मुलुंडची चाळ आहे, रेड्यांचा गोठा नव्हे. तो म्हणाला, "सबनीस, घरात जा रे." मी त्याची गंजी धरली. पुढचं वर आलंच आहे.

सबंध चाळ बघत होती. ओठ फुटला. माझी बायको पद्मजा पाटणकर घराण्यातली, पण लग्न होऊन सबनीस झाली हे विसरते. म्हणाली, "तुम्ही त्यांची गंजी कशाला धरलीत?" नवऱ्याचं रक्त वाहतंय आणि बायकोला गंजीचं पडलंय!

संकल्प: गोकुळाष्टमीच्या आत श्यामकांतला चाळीच्या चौकात, सर्वांसमक्ष, आडवा करणे.

मंगळवार, १० जुलै
मार्ग सापडला. ऑफिसात शेजारच्या टेबलावर नंदकिशोर बसतो, त्याच्याकडे एक इंग्रजी मासिक आलं होतं. त्यात अळंबीवर लेख. चीनमध्ये म्हणे अळंबीचा काढा पिऊन म्हातारे तरणे होतात. कफ जातो, छाती रुंद होते. आणि युरोपात उत्तरेकडचे योद्धे अळंबी खाऊनच रणात उतरत. मग त्यांना वेदना कळत नसत. आवेशात स्वतःच्याच ढाली चावत सुटत!

श्यामकांतकडे काय आहे? दूध आणि भिजवलेले चणे.

नंदकिशोर म्हणाला, "अरे, खाली लिहिलंय बघ, ह्याला पुरावा नाही म्हणून." ते बारीक अक्षरात आहे. बारीक अक्षरं मी वाचत नाही. डोळ्यांना त्रास होतो.

गुरुवार, १२ जुलै
परदेशात जायची गरजच नाही. आईने सावंतवाडीहून मागे एक फणसअळंबं पाठवलं होतं, फणसाच्या खोडावर वाढतं ते, लाकडासारखं कडक. आमच्याकडे ते सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावतात. लाळ गळायची थांबते. पोट बिघडलं तरी चाटवतात.

मी साधा हिशेब केला. मुलांना बोटभर, तर पुरुषाला वाटीभर. पद्मजा म्हणाली, "अहो, ते जुलाब बांधायला देतात. तुम्हाला जुलाब आहेत का?" तिला मोठं चित्र दिसत नाही. वाटी एका दमात संपवली. चव सुतारकामासारखी.

सोमवार, १६ जुलै
शक्ती अंगात साठत आहे. बाहेर पडायचं नाव नाही.

बुधवार, १८ जुलै, ऑफिस सुटल्यावर
पोट दगड झालंय. डोळ्यांसमोर लाल दिसतं. योद्ध्यांचंही असंच होत असणार.

आज नंदकिशोरने सहज विचारलं, "काय रे, झालं का?" त्याला फाइलबद्दल विचारायचं होतं हे नंतर कळलं. तोपर्यंत मी लाकडी रूळ त्याच्या बोटांवर हाणला होता. तो ओरडला. मी पेपरवेटही उचलला होता, पण हेडक्लार्क मध्ये आले आणि पेपरवेट त्यांच्या पायावर पडला. नख काळं पडलं म्हणतात.

मेमो मिळाला. हरकत नाही. एका माणसाला बोटं चोळत, दुसऱ्याला लंगडत पाठवलं. खुराक लागू पडतोय.

घरी आल्यावर पद्मजाने एरंडेल पाजलं. तिच्या समाधानासाठी घेतलं.

रविवार, २२ जुलै
डोंगराच्या पायथ्याशी गेलो होतो. वारुळापाशी उगवलेली अळंबी पिशवीभर मिळाली, कोकणात श्रावणात हीच खातात. पद्मजाने नारळ घालून केली. फार सुरेख झाली होती. तिनेही घेतली. म्हणाली, "एवढंच खा ना. आणि मारामारीचं डोक्यातून काढा." बायकांना चव कळते, ध्येय कळत नाही.

चेंडूसारखं एक अळंबंही सापडलं. दाबलं की भुकटीचा धूर निघतो. जखमेवर ती दाबली की रक्त थांबतं असं आई म्हणायची. ओठाची खपली मुद्दाम काढून लावली. रक्त थांबलं असावं. शिंका इतक्या आल्या की ओठ पुन्हा फाटला.

दुपारी सराव. पोत्यात वाळू भरून गॅलरीतल्या तुळईला टांगलं आणि त्याला श्यामकांत समजून ठोसा दिला. पोतं मागे गेलं. मी चाळीकडे वळून पाहिलं, कुणी पाहिलं का म्हणून. पोतं परत आलं.

शुद्धीवर आलो तेव्हा श्यामकांत माझ्या तोंडावर पाणी मारत होता. शत्रूच्या हातचं पाणी! मी त्याच्या मनगटाला चावलो. दात चांगले रुतले. तो "अरे येडा झालास काय!" म्हणून किंचाळला. ढाल नाही, पण सुरुवात झाली.

शुक्रवार, २७ जुलै
खाटेखाली ओल्या पेंढ्यात अळंबी पिकवायचा प्रयोग केला होता. अळंबी आली नाहीत. गांडुळं आली, गोम आली, आणि वास. पद्मजाने पेंढा बाहेर फेकला. मी ताट भिंतीवर आपटलं. तिने लाटणं फेकलं. ती म्हणते, भिंतीवर नेम होता. टेंगूळ माझ्या कपाळावर आहे.

रडली. म्हणाली, "ह्या घरात आता मला भीती वाटते." कशाची, ते विचारायचं राहून गेलं. श्यामकांतचीच असणार.

रविवार, २९ जुलै
पहिली चकमक. श्यामकांत नळावर वाकून दात घासत होता. मी मागून पितळी बादली त्याच्या पाठीत घातली. (मागून घालणे हा डावपेच आहे.) बादलीला पोचा आला. तो वळला, त्याने माझे दोन्ही हात एका हातात धरले, मला उचलून पाण्याच्या पिंपावर बसवलं आणि उरलेले दात घासले. मग म्हणाला, "उतरवू का तुला?"

मी म्हणालो, मला इथेच बसायचं होतं. बराच वेळ बसलो. शेवटी पद्मजाने स्टूल आणलं.

निष्कर्ष: वारुळाची अळंबी फार सात्त्विक. तेज प्रकार हवा.

रविवार, ५ ऑगस्ट, सकाळ
मिळाला! तबेल्यामागच्या मैदानात, गवतात. पांढरीशुभ्र, ताटलीएवढी, टोपीवर तपकिरी खवले. उलटी केली तर आतल्या पात्यांना हिरवट झाक. हिरवं म्हणजे जीवनसत्त्व, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

पद्मजा म्हणाली, "ही ती नव्हेत. मला नकोत आणि तुम्हीही खाऊ नका." मी स्वतः स्टोव्ह पेटवला, स्वतः परतली. मग म्हणालो, नवऱ्यावर विश्वास नसेल तर नको खाऊस. तिने स्टोव्ह बंद केला. म्हणाली, "मी चार घास खाल्ले तर मारामारी बंद कराल? शब्द द्या."

दिला. (शब्दात तारीख घातलेली नाही. गोकुळाष्टमीनंतर लागू होईल.)

तिने घास घेतले.

बुधवार, ८ ऑगस्ट, दवाखाना
खाटेवर आडवं पडून लिहितोय. अक्षर वाचता येत नाही, तरी लिहून ठेवतो, कारण लोक काहीही सांगत सुटले आहेत.

रविवारी जेवण झाल्यावर पद्मजा मोरीत गेली ती बाहेर येईना. आतून आवाज यायला लागला, जनावर ओरडावं तसा. जाऊन पाहिलं तर ती भिंतीला डोकं टेकून ओकत होती. अन्न संपलं, पाणी संपलं, मग लाल यायला लागलं. तेवढ्यात माझ्याही पोटात कुणीतरी मूठ घालून पिळलं. मी तिच्याशेजारीच कोसळलो. खरं सांगायचं तर मला त्यातही वाटलं, की हीच ती अवस्था. आता मला वेदना कळणार नाहीत.

कळत होत्या.

दाराची कडी आतून लावलेली होती. श्यामकांतने हाका मारल्या, मग खांद्याने दार फोडलं. एक फळी उडून माझ्या नडगीवर बसली. तो आत आला आणि त्याने पद्मजाला उचललं. तिचे हात खाली लोंबत होते.

मला एवढंच दिसलं, की श्यामकांत चुरी माझ्या बायकोला घेऊन चालला आहे. पाट्याशेजारी वरवंटा होता. मी उठलो. कसा उठलो कळत नाही. वरवंटा त्याच्या कपाळावर घातला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. रक्त त्याच्या डोळ्यात, मिशीत, पद्मजाच्या पातळावर. हात मोकळे नव्हते, म्हणून त्याला तोंडही पुसता येईना. त्याने तिला खाली ठेवलं नाही.

"सबनीस," तो म्हणाला, "नंतर मार. आधी टांगेवाल्याला हाक दे."

मी आणखी एक मारला. पाठीत. त्यानंतरचं आठवत नाही.

खालच्या मजल्यावरच्या सुनंदाबाई सांगतात, की वहिनींना टांग्यात घालून तो तसाच रक्ताने माखलेला परत वर आला आणि मला पोत्यासारखा खांद्यावर टाकून घेऊन गेला. वाटेत मी त्याच्या पाठीवर ओकलो, असंही त्या सांगतात. ते सांगायची गरज नव्हती.

गुरुवार, ९ ऑगस्ट
डॉक्टरांनी विचारलं, कुठली अळंबी होती? मी चीनपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, "खाण्याजोगी अळंबी असतात, सबनीस, औषधीही असतील. ही विषारी होती. तुम्ही दांडगे, निभावलात. बाईंचं परवा रात्रीपर्यंत आम्हाला सांगता येत नव्हतं."

मी म्हणालो, म्हणजे शास्त्र बरोबर होतं, फक्त निवड चुकली. ते दुसऱ्या खाटेकडे गेले.

पद्मजा बायकांच्या वॉर्डात आहे. मला नेलं नाही. तिने नको म्हणून सांगितलंय, असं नर्स म्हणाली. नर्सचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल.

शुक्रवार, १० ऑगस्ट
हवालदार आला होता. श्यामकांतच्या कपाळावर टाके पडले, डॉक्टरांनी कळवलं होतं. श्यामकांत बाकावर बसला होता, डोकं पांढऱ्या पट्टीत, एक डोळा सुजून बंद. हवालदाराने विचारलं, कुणी मारलं? श्यामकांत म्हणाला, "कुणी नाही. जिन्यात घसरलो."

मी दुरुस्ती करणार होतो. जिना कोरडा होता हे मला ठाऊक आहे. पण हवालदार घाईत होता, आणि माझा घसा बसला होता.

दुपारी खिडकीतून पाहिलं. तिचा भाऊ मधुकर पार्ल्याहून आला होता. तिला धरून फाटकाबाहेर नेत होता. ती म्हातारीसारखी चालत होती. मी काचेवर टकटक केली. काच जाड आहे.

रविवार, १२ ऑगस्ट
घरी. दार अजून मोडकंच. भिंतीवर ताट आपटल्याचा डाग. वरवंटा कुणीतरी धुऊन पाट्यावर ठेवला आहे.

संध्याकाळी श्यामकांतच्या दारात गेलो. म्हणालो, मार. हवं तेवढं मार, मी हात उचलणार नाही. हिशेब सरळ करून टाकू. गाल पुढे केला. डोळे मिटले.

काही लागलं नाही. डोळे उघडले तर तो एकाच डोळ्याने माझ्याकडे बघत होता. "वहिनी कशा आहेत?" त्याने विचारलं.

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"मग इथे काय करतोस?" तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं. हळूच लावलं. चुना पडला नाही.

त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, १५ ऑगस्ट
सुट्टी. पार्ल्याला गेलो. वाटेत भाषण तयार केलं होतं. त्यात लेखाचा उल्लेख होता, डॉक्टरांच्या चुकांचा होता, माझ्या स्वभावातल्या तेजाचाही होता.

दार मधुकरने उघडलं. भाषणाचं पहिलं वाक्य होईतो त्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. डोकं आदळलं. दुसऱ्यांदा आपटलं. माझी मूठ वळली, वर आली. तेवढ्यात आतल्या दारात पद्मजा दिसली. गळ्याच्या शिरा दिसत होत्या. तिने मधुकरला थांबवलं नाही. माझ्या मुठीकडे बघत उभी राहिली.

मूठ उघडायला वेळ लागला. मधुकरने तिसऱ्यांदा आपटलं, मग त्यालाच कसंतरी झालं असावं. सोडलं.

तिचा आवाज अजून घोगरा आहे. म्हणाली, "आणखी कुणाला मारायचं राहिलंय का?"

मी नाही म्हणालो. भाषण आठवलं नाही.

ती म्हणाली, "उद्या श्यामकांतभाऊजींचे टाके काढायचेत. तुम्ही त्यांच्याबरोबर जायचं. त्यांना दुखेल तेव्हा समोर बसायचं. तिथून उठलात तर मी पुन्हा इथे निघून येईन. मग न्यायला येऊ नका."

मी बरं म्हणालो.

"ट्रंक घ्या," ती म्हणाली.

वाकलो. दोन्ही हातांनी कडी धरली. जमिनीपासून वर आली नाही. श्वास घेऊन पुन्हा ओढली. मधुकर पुढे झाला, तिने त्याला नको म्हटलं. पदर खोचला आणि दुसरी कडी तिने धरली.

स्टेशनपर्यंत तिची बाजू वर आणि माझी खाली. वाटेत दोनदा टेकवली. दोन्ही वेळा 'टेकवू या' मीच म्हणालो.