शीर छान आहे

प्रिय आई, आणि शेजारी बसून ऐकणारे बाबा,

मेडिकलची यादी पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता लागणार. प्रवेश कार्यालयातल्या बाईंनी काल स्वतः सांगितलं. हा माझा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न, हे मी त्यांना सांगितलं नाही. फोनवर आवाज ऐकून तू खोदून खोदून विचारशील, म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. जेवते, झोपते. लॅबमध्ये रोज तीस-चाळीस जणांचं रक्त काढते. कुणी ओरडलं तरी हात हलत नाही. हल्ली कशानेच हलत नाही.

मुलाखतीतली एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. निघताना मोठ्या डॉक्टरांनी हात मिळवायला हात पुढे केला. मी सवयीने तो उताणा केला, बाही वर सरकवली, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि त्यांना म्हणाले, "शीर छान आहे, अजिबात दुखणार नाही."

ते हसले. त्यांच्या शेजारी मुलाखत घ्यायला बसलेल्या बाई हसल्या नाहीत, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल, याचा महिनाभर विचार केला. आता विचारही येत नाही.

दादाला सांगू नकोस, जन्मभर चिडवेल. बाबांनी शुगर तपासली का? उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही, हे त्यांना पुन्हा सांग.

शुक्रवारी अकराला माझ्यासमोर कुणीतरी मूठ आवळून बसलेलं असेल. त्याचं आटोपून मी यादी बघेन आणि फोन लावेन. तूच उचल. मी लगेच काही बोलले नाही, तरी ठेवू नकोस.

तुमची,
धाकटी