जुईच्या डोळ्यावरची साय

३ नोव्हें., सोम.
जुईच्या डाव्या डोळ्यात पुन्हा साय. वरची पापणी उलटवली की आतून पिवळट, चिवट, वाळलेल्या फेविकॉलसारखी. रोजच्यासारखी काढली. पाणी उकळून गार केलं, कापूस, तिचं डोकं माझ्या मांडीवर. पाच वर्षांची पोर, हूं की चूं नाही. थोडं रक्त आलं. आत्या शेजारी बसून: "सगळी निघू दे, मुळासकट. मग परत येत नाय." (आत्या म्हणजे सख्खी आत्या. तिच्या मुलाशीच, सुनीलशी, लग्न झालं, सासू झाली, तरी तोंडात आत्याच.)
तीन महिने हेच. मी डी. फार्म., डहाणूला मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर लोकांना ऐकवते की मनाने काही करू नका.

५ नोव्हें.
डहाणूच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सुनील पण आला, बोट दोन दिवस किनाऱ्याला आहे. ह्या डॉक्टरांनी हे दोनदा काढून दिलंय, दोन्ही वेळा आठवड्यात परत, आधीपेक्षा जाड. यावेळी कापायला तयार नाहीत. "मुंबईला दाखवा. साधं इन्फेक्शन नाही हे."
मग विचारलं, "घरी कुणी खरवडलं वगैरे नाही ना?"
मी म्हटलं, नाही. विचार करायच्या आत तोंडातून गेलं. सुनील शेजारीच. त्याला वाटतं मी नुसता डोळा धुते.

१४ नोव्हें.
मुंबईहून परत. रक्ताचा रिपोर्ट आला. जुईच्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाची वस्तू जवळजवळ नाहीच.
तिथल्या डॉक्टरबाईंनी सुनीलला त्याच्या भाषेत सांगितलं. जखम झाली की रक्त जाळं विणतं, वाहणं थांबतं. जखम भरली की ते जाळं कुणीतरी उसवायला हवं. उसवण्याचं काम ह्या प्लाझ्मिनोजेनचं. जुईकडे विणणारे सगळे हजर, उसवणारं कुणी नाही. म्हणून डोळा साधा चोळला तरी थर साचतो, लाकडासारखा होतो. हिरड्या सुजतात त्याही ह्यानेच. (मी चॉकलेट बंद केलं होतं तिचं. बिचारी.)
गेल्या वर्षी सासऱ्यांना अ‍ॅटॅक आला तेव्हा गाठ विरघळायचं इंजेक्शन दिलं. ते इंजेक्शन स्वतः काही करत नाही, रक्तातल्या ह्यालाच जागं करतं. कॉलेजात पाठ केलेलं. त्या वेळी चार मार्कांचा प्रश्न होता.
आणि बाई म्हणाल्या, "नुसतं काढलं तर दरवेळी नवी जखम. दरवेळी जास्त येणार."
मी मनात हिशेब केला. तीन महिने, रोज सकाळी. नव्वद वेळा तरी.

१६ नोव्हें.
घरी वादावादी. बाईंनी सांगितलं होतं, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कमी असलं की मुलात असं येतं, नात्यातल्या लग्नात जास्त. ते मी घरी सांगितलं आणि झालं.
आत्या: "आमच्याकडे नाय हो असलं काय. तुझ्या बापाकडचं असेल."
मी: "माझा बाप म्हणजे तुझाच भाऊ ना गं आत्या?"
सुनील हसला. आत्या नाही हसली. पदर डोळ्याला लावून ओट्यावर जाऊन बसली. मामाची मुलगी करायची म्हणून तिनेच हट्ट धरलेला, साखरपुड्यात सगळ्या वरोर गावभर मिरवली होती. तिला वाईट बोलायचं नव्हतं मला. पण राग आला होता, आणि माझा स्वतःवरचा राग कुणावर तरी काढायचा होता.

२१ नोव्हें.
प्लाझ्माचे थेंब सुरू. रक्तातला पिवळा भाग, गोठवून छोट्या छोट्या बाटल्यांत. जागेपणी दर दोन तासांनी. एका वेळी एकच बाटली वितळवायची, बाकीच्या गोठलेल्याच राहायला हव्यात.
सुनील म्हणत होता माझं रक्त घ्या. त्याच्या रक्तात प्लाझ्मिनोजेन निम्मंच भरलं, माझ्याही. दुसऱ्याचं लागणार. बापाचं रक्त पोरीला चालत नाही, हे त्याला फार लागलं. दिवसभर जाळी विणत बसला.
मेडिकलच्या शेठने अर्धा दिवस सुट्टी दिली, न मागता. "बेन, छोकरीनुं पहेलां." आधी पोरीचं बघ म्हणे.

२५ नोव्हें.
सकाळी दहाला लाइट गेली, चारपर्यंत नाही. फ्रीजमधल्या बाटल्या! मी दुकानातून फोनवर फोन. आत्याने कुणाला न विचारता बोटीवरची बर्फाची पेटी आणवली, त्यातले सरंगे मासे बाजूला सारले, बर्फात मीठ घातलं, बाटल्या डब्यात घालून पुरल्या आणि वर स्वतः बसली. मी आले तेव्हा तशीच बसलेली. जेवलीही नव्हती. बाटल्या दगडासारख्या घट्ट.
डब्याला मासळीचा वास लागलाय. जुई म्हणते माझं औषध बोंबलाचं आहे.

३० नोव्हें.
मुंबईला तपासणी. कडा मऊ पडल्यात, पण मधला थर तसाच. तो बुबुळावर घासतोय, डाग पडायला लागलाय. १२ डिसेंबरला एकदाच कापायचं, आणि कापताक्षणी, टेबलावरच, थेंब सुरू. परत आलं नाही तर डोळा वाचेल. आलं तर...
बाईंनीही विचारलं, आधी घरी काही केलं होतं का. सुनील समोर. मी परत नाही म्हटलं.
काय बाई आहे मी.

३ डिसें.
सांगितलं सुनीलला. चहा घेत होता.
"रोज?"
"रोज."
"मी बोटीवर असताना?"
"तू असतानाही. तू झोपलेला असायचास."
कप ठेवला आणि बंदरावर गेला. आत्या आतून आली: "मी सांगितलं म्हणून केलंस, माझं नाव घे." मी म्हटलं, आत्या, तू शिकलेली नाहीस. मी आहे.
दुपारी आला. म्हणाला, डॉक्टरांना सांग, मला सांगून काय उपयोग. जेवला मात्र माझ्या हातचं.

४ डिसें.
फोन केला. बाई ओरडल्या नाहीत. "सांगितलंत, बरं झालं. त्याने वाढलं असणार. पण आजार तुमच्या हातातून आलेला नाही."
मी विचारलं, वाढलं म्हणजे किती? हात लावला नसता तर एवढा थर आलाच नसता का?
"तसं नाही सांगता येत."
सांगता येत नाही. म्हणजे जन्मभर मीच मोजत बसायचं.

९ डिसें.
बॅग भरली. जुईचा फ्रॉक, बाटल्यांचा डबा, रिपोर्ट. आत्याने नवस बोललाय, काय ते सांगत नाही. सुनील आता माझ्याशी बोलतो, पण माझ्या हातांकडे बघतो.

१० डिसें., बुध.
सकाळी थेंब घालताना उजव्या डोळ्याची पापणी सहज वर केली. आतल्या कोपऱ्यात पांढरा दोरा. आधी वाटलं कापसाचा असेल. नाही. तीच साय.
उजव्या डोळ्याला मी कधी हात लावला नव्हता. एकदाही नाही.
आधी मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर लिहिते. माझ्या पोरीच्या दुसऱ्या डोळ्यात ते आलं आणि मला, तिच्या आईला, क्षणभर हलकं वाटलं. मग तिथेच खाली बसले.
जुईला वाटलं मी त्यासाठीच बसले. आली, सवयीने मांडीवर डोकं टेकलं, डोळा उघडा धरला.
"ह्या डोळ्यातली पण काढ ना आई. मी हलत नाय."
मी दोन्ही हात पाठीमागे धरून बसले होते. सुनील दारात उभा राहून बघत होता.
बाईंना फोन लावलाय. लागत नाहीये.